धागा: संकलनाचं सॉफ्टवेअर शिकावं की व्हीएफएक्सचं? (कोयना भूकंपावरचा लघुपट)

पाटणखोरे

नमस्कार मंडळी. आम्ही पाच-सहा मित्र मिळून साधारण अठरा मिनिटांचा एक लघुपट करतोय. विषय कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. माझी आजी तेव्हा पंचविशीत होती, पाटण तालुक्यातल्या आमच्याच गावात. घराची मागची भिंत गेली, गोठ्याकडची बाजू तगली आणि त्या बाजूला निजलेली माणसं वाचली. तिनं सांगितलेलं तसंच पडद्यावर आणायचं आहे.

निम्मंअधिक शूटिंग झालंय, काही मोबाइलवर, काही मित्राच्या मिररलेस कॅमेऱ्यावर. सगळं फोर-के. पण फुटेजमध्ये जिथे तिथे विजेच्या तारा दिसतात आणि समोरच्या डोंगरावर मोबाइलचा टॉवर आहे. त्या काळी आमच्या गावात वीजच नव्हती. मुख्य प्रसंगात घर हादरताना, कौलं निसटताना, धूळ उडताना दाखवायची आहे. शिवाय भरदिवसा काढलेले दोन प्रसंग पहाटेच्या अंधारातले करायचे आहेत.

आमच्यात दोन तट पडलेत. काही जण म्हणतात प्रीमियर किंवा रिझॉल्व्ह हे संकलनाचं सॉफ्टवेअर शिकू. बाकीच्यांचं म्हणणं, निम्मं काम इफेक्टचंच आहे तर आफ्टर इफेक्ट्स नाहीतर न्यूक या व्हीएफएक्सच्या (संगणकावरच्या दृश्य-इफेक्टच्या) सॉफ्टवेअरलाच हात घालू. दोन्ही शिकण्याइतका वेळ नाही, पैसे तर नाहीतच. माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एका मित्राच्या डेस्कटॉपला १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचं कार्ड आहे. काय करावं?

रानमोडी

रिझॉल्व्ह घ्या. मोफत आहे, संकलन, रंग, आवाज, इफेक्ट सगळं एका छताखाली. दोन्ही तट खूश.

काटछाट

पाटणखोरे, आधी हे सांगा, तारा दिसणारे शॉट नेमके किती? ‘जिथे तिथे’ म्हणून भागणार नाही, कारण तुमचा सगळा वेळ त्या आकड्यावर ठरणार आहे. तुमचं कच्चं संकलन अजून झालेलं दिसत नाही. तीन-चार तासांच्या फुटेजमध्ये तारा असतीलच, पण अठरा मिनिटांत त्यातलं काय उरणार आहे?

मी मालिका आणि माहितीपटांचं संकलन करते, म्हणून या बाजूनं बोलते. संकलनाचं सॉफ्टवेअर काळावर काम करतं. कुठला टेक घ्यायचा, कुठे तोडायचा, आजीचा आवाज कोणत्या चित्रावर चालू ठेवायचा, गप्प बसलेला चेहरा किती वेळ धरायचा. शेकडो तुकडे एका रांगेत लावून वाटेल तेवढ्या वेळा मागंपुढं करता यावेत, अशीच त्याची रचना असते. व्हीएफएक्सचं सॉफ्टवेअर एका शॉटच्या पोटात शिरतं. तीन सेकंदांचा शॉट म्हणजे पंचवीसच्या हिशेबानं ७५ फ्रेम, आणि त्या ७५ फ्रेमवर माणूस दोन दिवस बसतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये अख्खा लघुपट जोडायला घेतलात तर हैराण व्हाल. तासन्‌तासाचं फुटेज चाळून त्यातून टेक निवडणं हे त्याचं कामच नाही.

त्यामुळे यातलं एक की दुसरं, असा प्रश्नच पडत नाही. आधी संकलन करा, मिळेल त्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. तारा, टॉवर सगळं तसंच राहू द्या. गोष्ट उभी राहते का ते बघा. मग उरलेल्या प्रत्येक इफेक्टच्या शॉटला क्रमांक द्या आणि यादी इथे टाका. ती पाहून लोक तुम्हाला सॉफ्टवेअर सांगतील.

नोडमाळ

काटछाटताईंशी सहमत. पण हातात कोणती मशीन आहेत त्यावरही बरंच अवलंबून आहे, ते आधी बघू.

रिझॉल्व्ह मूळचं रंगसंस्काराचं यंत्र. ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइननं २००९ मध्ये ते बनवणारी कंपनी घेतली, २०१४ मध्ये फ्यूजन हे कंपोझिटिंगचं (वेगवेगळी चित्रं जोडून एक दृश्य करण्याचं) सॉफ्टवेअर घेतलं आणि २०१८ साली पंधराव्या आवृत्तीत फ्यूजन थेट रिझॉल्व्हच्या आत एक पान म्हणून आलं. त्यामुळे तुमच्या दोन्ही तटांचं काम एकाच फाइलमध्ये होऊ शकतं हे खरं. मोफत आवृत्तीत ३८४० बाय २१६० पर्यंत, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत काम करता येतं, वॉटरमार्क येत नाही. पैसे भरायच्या स्टुडिओ आवृत्तीत अंधारातल्या फुटेजचा दाणा (चित्रातली बारीक खरखर) कमी करणारं साधन आणि माणूस चित्रातून आपोआप वेगळा काढणाऱ्या मॅजिक मास्कसारख्या सोयी मिळतात. तिची किंमत बरीच वर्षं २९५ डॉलर होती, एकदाच भरायची, भाडं नाही.

पण रानमोडी, ८ जीबीच्या लॅपटॉपवर ते ओढत नाही. १६ जीबी हवीच, आणि फ्यूजन वापरायचं तर बनवणारेच ३२ जीबी सुचवतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रत्येक बदलानंतर थांबून राहावं लागतं. म्हणजे रिझॉल्व्ह मित्राच्या डेस्कटॉपवरच. तिथे लिनक्स असेल तर आणखी एक अडचण. मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ फाइल उघडत नाही, आणि मोबाइलचं फुटेज नेमकं त्याच प्रकारचं असतं. आधी सगळं डीएनएक्सएचआर या कमी दाबलेल्या फाइलप्रकारात बदलून घ्यावं लागेल, त्या फाइली अवाढव्य होतात.

लॅपटॉपसाठी केडेनलाइव्ह. मुक्त स्रोत आहे, विंडोजवरही चालतं. प्रॉक्सी चालू केल्या की प्रत्येक फाइलची हलकी नक्कल बनते, तुम्ही नकलेवर काम करता आणि शेवटी रेंडर मूळ फाइलवरून होतो. कच्च्या संकलनाला एवढं पुष्कळ झालं.

बारावीनंतर

मधेच विचारतो, राग मानू नका. कॉलेजातली मुलं सरळ क्रॅक केलेलं आफ्टर इफेक्ट्स टाकतात. याच लघुपटासाठी तेवढं केलं तर काय बिघडलं?

काटछाट

क्रॅक फाइलीबरोबर काय काय मशीनमध्ये येतं याचा भरवसा नाही, आणि त्याच मशीनवर तुमचं एकुलतं एक फुटेज पडलेलं असतं. पुढे चित्रपट महोत्सवाला पाठवायचा, कुणी विकत घ्यायला आलं तर कागदपत्रं द्यायची, तेव्हाही मान खाली जाते. इतकी चांगली मोफत साधनं असताना ते करायची गरजच नाही. क्रॅकच्या दुव्यांवर या धाग्यात चर्चा नको.

सेटवरचा

भूकंपाच्या प्रसंगाबद्दल लिहितो. मी कला विभागात काम करतो, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या अलीकडचं सांगतो. तुमचं अर्धं काम इथेच आटपेल.

कॅमेरा हातात घेऊन हलवू नका. कॅमेरा तिपाईवर घट्ट ठेवा, फोर-केमध्ये घ्या आणि हादरा नंतर द्या. लघुपट एचडीमध्ये काढायचा असेल तर चित्राला चारी बाजूंनी भरपूर जागा मिळते, चौकट हलली तरी काळी कड दिसत नाही. पण नुसती चौकट हलवली तर कुणीतरी कॅमेरा हलवतंय असंच वाटतं. खोलीतल्या वस्तू आपापल्या चालीनं हलल्या पाहिजेत. आढ्याला टांगलेला कंदील एका लयीत झोके घेतो, मांडणीवरची भांडी त्याहून वेगात खुळखुळतात, दोरीवरचं धोतर जवळजवळ थांबलेलंच असतं. मांडणीला मागून नायलॉनची दोरी बांधून ओढा, कंदिलाला वेगळी. हे खरंखुरं घ्या.

धूळ वेगळी काढून घ्या. काळं सुती कापड लावा, काळं साटन नको, ते चमकतं. उजेड एका बाजूनं, कापडावर अजिबात न पडेल असा. वरून पिठाच्या चाळणीतून बारीक माती सोडा, चाळणीला हलके टिचक्या मारत. एकदा संथ, एकदा भसकन, एकदा नुसता शेवटचा तरंगणारा धुरळा, असे तीन-चार प्रकार घ्या. ते फुटेज खोलीच्या शॉटवर स्क्रीन मोडमध्ये ठेवलं की काळं नाहीसं होतं आणि धूळच राहते. हे केडेनलाइव्हमध्येही होतं, आफ्टर इफेक्ट्स लागत नाही. तोंडाला फडकं बांधा.

कौलं. हे नीट वाचा. माणसाच्या डोक्यावर कौल पाडायचं नाही, थर्मोकोलचंही नाही. कॅमेरा न हलवता दोनदा घ्या. आधी माणूस उठून दाराकडे पळतो तो शॉट. मग खोली रिकामी करून, सगळे बाहेर उभे राहून, वरून खरी कौलं सोडा. दोन्ही शॉट एकावर एक ठेवून मधे मास्क (वरच्या शॉटचा कुठला भाग दिसेल ती सीमा) आखला की माणसाच्या मागं कौलं कोसळताना दिसतात. उजेड मात्र तोच हवा, म्हणून दोन्ही लागोपाठ घ्या, खिडक्या झाकून.

रात्रपाळी

सेटवरचा यांनी फार मोलाचं सांगितलं. मी गोरेगावात एका स्टुडिओत कंपोझिटिंग करते, रोटोपासून (फ्रेमफ्रेमनं आकृतीची कड आखण्यापासून) सुरुवात केली. आमच्याकडे दिवसभर हेच चालतं, तारा काढणं, टॉवर काढणं, दोरखंड काढणं. प्रेक्षकाला कधीच न कळणारं काम.

भूकंपाच्या हादऱ्याबद्दल एक भर घालते. आफ्टर इफेक्ट्समधला विगल किंवा फ्यूजनमधला कॅमेरा शेक जसाच्या तसा लावू नका, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा हलतो. भूकंपात आधी वेगवान लाटा पोचतात, त्यांची बारीक, कडक थरथर होते, मग मागून येणाऱ्या लाटांचा मोठा आडवा हिसका बसतो. केंद्राजवळच्या गावात या दोन्हींत सेकंद-दोन सेकंदांचंच अंतर असतं. तेवढ्या वेळात भांडी वाजतात, आजी डोळे उघडते, आणि मग भिंत. कीफ्रेम (कुठल्या क्षणी चित्र किती हलेल त्या खुणा) हातानं लावा. हादऱ्याला मोशन ब्लर (हालचालीचा पुसटपणा) द्या, नाहीतर चित्र सरकवलंय हे लगेच कळतं.

आता तारा. तीन प्रकार पडतात.

कॅमेरा तिपाईवर, तार आकाशावर किंवा लांबच्या डोंगरावर: सगळ्यात सोपं. एक फ्रेम काढून घ्या, क्रिटा किंवा गिंपमध्ये तार पुसा, तेवढाच पट्टा मऊ कडांच्या मास्कनं शॉटवर ठेवा. हा पट्टा म्हणजे एक थिजलेलं चित्र, आणि मूळ शॉटमध्ये मात्र दाणा सतत सळसळत असतो. पट्ट्यावर तसाच दाणा घातला नाही तर आकाशात मेलेली रेघ दिसते. मोठ्या पडद्यावर तर हमखास.

कॅमेरा फिरतोय: इथे ट्रॅकिंग लागतं, म्हणजे चित्रातली एखादी जागा फ्रेमफ्रेमनं कुठे सरकते ते सॉफ्टवेअरकडून टिपून घेणं. तार कॅमेऱ्याजवळ असते आणि डोंगर लांब, त्यामुळे कॅमेरा सरकला की दोघांची सरकण वेगळी होते. पुसलेल्या डोंगराचा पट्टा डोंगराच्या ट्रॅकला बांधायचा आणि मास्क तारेच्या ट्रॅकला. नवीन मुलं दोन्ही तारेलाच बांधतात आणि डोंगर पोहायला लागतो. आफ्टर इफेक्ट्सबरोबर मोका हा ट्रॅकर मिळतो, फ्यूजनमध्ये प्लॅनर ट्रॅकर आहे (मोफत आवृत्तीत मिळतो का ते आधी तपासा), ब्लेंडरमध्येही ट्रॅकर आहे.

तारेच्या पुढून केस, पानं किंवा गवत हलतंय: हा शॉट टाळता आला तर टाळा. चौकट आवळून बघा, नाहीतर दोन पावलं सरकून पुन्हा घ्या. एकेका केसाचा रोटो काढायला अनुभवी माणसालाही दिवस जातो, आणि तुमच्या कथेला त्यातून काही मिळत नाही.

मोबाइलच्या फुटेजवर ट्रॅकिंगला त्रास होतो. तिथे रंगाची माहिती उजेडाच्या चौथाईच असते, वर फाइल दाबलेली, त्यामुळे कडा थरथरतात. हिरव्या पडद्यावर कापायला गेलात तर हे आणखी जाणवेल. इफेक्टचे शॉट शक्यतो मिररलेसवरच घ्या.

पाटणखोरे

सगळ्यांचे मनापासून आभार. केडेनलाइव्हवर प्रॉक्सी लावून कच्चं संकलन केलं, लॅपटॉपवर व्यवस्थित चाललं. लघुपट सव्वासतरा मिनिटांवर आलाय.

इफेक्टचे शॉट मोजले: १४. तार किंवा टॉवर असलेले ९, त्यातले ६ तिपाईवरचे आणि आकाश-डोंगरावरचे, २ कॅमेरा फिरणारे, १ मध्ये आंब्याच्या फांद्यांतून तार जाते. भूकंपाचे ३, ते अजून घ्यायचे आहेत, सेटवरचा दादांनी सांगितलं तसेच घेऊ. रात्र करायचे २.

एक अडचण आली. मोबाइलवरच्या लांब टेकमध्ये आजीचा आवाज शेवटी शेवटी ओठांशी जुळत नाही. आम्ही आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता.

नोडमाळ

मोबाइल ठरावीक वेगानं फ्रेम घेत नाही, उजेड कमी झाला की वेग खाली येतो. फाइलवर ३० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात कधी २९, कधी २७. संकलनाचं सॉफ्टवेअर तीसच धरतं आणि आवाज घसरत जातो. हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकून कॉन्स्टंट फ्रेमरेट (फ्रेमचा एकसारखा वेग) निवडा, गुणवत्ता चढी ठेवा, आणि बदललेली फाइल टाइमलाइनवर मूळ फाइलीच्या जागी घ्या. मूळ फाइल पुसू नका.

पुढचं शूटिंग सगळं २५ वर घ्या, शटर एक पन्नासांश. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे एलईडी आणि ट्यूबलाइटचं फडफडणंही त्यानं आटोक्यात राहतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात २५ मिळत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं मोफत अॅप आहे, त्यात वेग आणि शटर दोन्ही पक्के करता येतात. तुमचा मोबाइल त्याच्या यादीत आहे का ते आधी बघा.

तारांगण

सॉफ्टवेअरमधलं मला फारसं कळत नाही, पण रात्रीच्या दोन प्रसंगांबद्दल राहवत नाही म्हणून लिहितो. दिवसाची रात्र करताना सगळे चित्राला निळं करतात, म्हणजे चांदणं दाखवतात. १९६७ च्या डिसेंबरात अमावास्या महिन्याच्या अगदी सुरुवातीला झाली होती. अकरा तारखेच्या पहाटे शुक्ल पक्षातला नवमी-दशमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर दोन-अडीच तासांत मावळून गेलेला. सव्वाचारला आकाशात चंद्र नव्हताच. गावात वीज नव्हती म्हणता, मग उजेड फक्त कंदिलाचा आणि चुलीतल्या निखाऱ्यांचा. आजींना विचारून बघा, त्यांना काय दिसत होतं.

पाटणखोरे

तारांगण काका, लगेच विचारलं. ती म्हणाली, “काय दिसायचं? काळामिट्ट. हाताला लागेल त्याला धरून बाहेर आलो. कोण कोण बाहेर आलंय ते आवाजावरनं कळलं.” मग अंगणात कुणीतरी कंदील लावला आणि एकेकाचं तोंड दिसायला लागलं.

आता ते दोन प्रसंग नव्यानं घ्यायचं ठरवलंय.

काटछाट

अगदी योग्य. दिवसाची रात्र करण्यात तुमचे आठवडे गेले असते आणि हाती निळं, खोटं चित्र आलं असतं. हा प्रसंग तर निम्मा आवाजाचा आहे. काळा पडदा, हाका, गुरांचं हंबरणं, कौलांचा खडखडाट, आणि मग कंदिलाच्या उजेडात पहिला चेहरा. आवाजावर घ्याल तेवढे कष्ट घ्या. रिझॉल्व्हमधलं फेअरलाइट पान त्यासाठी उत्तम, लॅपटॉपवरच करायचं तर ऑडॅसिटीही चालेल.

सेटवरचा

कंदिलाच्या काचेआड पिवळसर छोटा एलईडी बॅटरीवर लपवा, कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला. खरी ज्योत चित्रात दिसू द्या, उजेड मात्र एलईडीचा. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं आकाशात थोडा उजेड उरतो, तेव्हाच अंगणाचा मोठा शॉट उरकून घ्या. त्यानंतर मोबाइलला काही दिसत नाही, नुसता दाणा येतो.

रानमोडी

मग आता १२ शॉट उरले. त्यासाठी आफ्टर इफेक्ट्स की फ्यूजन?

रात्रपाळी

या १२ शॉटसाठी फ्यूजन, मित्राच्या डेस्कटॉपवर. कारण सांगते. आफ्टर इफेक्ट्स लेअरवर चालतं, एकावर एक थर. शीर्षकं, हलती अक्षरं, नकाशे, जाहिराती यांसाठी त्याच्यासारखं दुसरं नाही आणि शिकायला मराठी-हिंदीतही भरपूर सापडतं. पण मासिक भाडं थांबलं की तुमचा प्रकल्पच उघडत नाही. न्यूक, फ्यूजन, नॅट्रॉन, ब्लेंडरचा कंपोझिटर ही नोडची मंडळी. चित्र डावीकडून शिरतं, एकेका पेटीतून जातं, उजवीकडे बाहेर पडतं. तार काढण्याच्या कामात पट्टा कुठून आला, मास्क कशाला बांधलाय, दाणा कुठे घातला, हे सगळं समोर मांडलेलं दिसतं. पहिले दोन दिवस जड जातात, पण सहा शॉटची तीच मांडणी नक्कल करून पुढच्या शॉटला लावता येते.

न्यूकची बिनव्यावसायिक आवृत्ती मोफत मिळते, पण ती एचडीपुरतीच आणि तिच्यावर केलेलं काम विकता येत नाही. शिकायला जरूर घ्या, या लघुपटाला नको. नॅट्रॉन दिसायला न्यूकसारखं, पूर्ण मोफत, पण गेली काही वर्षं त्याचं काम मंदावलंय.

नोडमाळ

आंब्याच्या फांद्यांचा शॉट सोडून दिला तर ब्लेंडरमध्येही हे सगळं बसतं. पण आत्ताच ब्लेंडर शिकायला घ्या असं मी म्हणणार नाही. त्यात थ्रीडीचं इतकं मोठं जग आहे की वाट चुकायला वेळ लागत नाही. पुढे कधी धरणाची भिंत किंवा आख्खं गाव उभं करायचं झालं तर तेच.

बारावीनंतर

मला यातच नोकरी करायची आहे. मग मी प्रीमियर शिकू की न्यूक?

रात्रपाळी

कुठल्या कामात रोज बसायला आवडेल त्यावर आहे. मालिका, बातम्या, लग्नाचे चित्रपट, यूट्यूब यांच्याकडे संकलकाची गरज असते. तिथे प्रीमियर, फायनल कट, एविड यांतलं एक पक्कं आलं की दुसरं महिन्याभरात जमतं. खरी परीक्षा गोष्ट कळते का याची असते. मोठ्या व्हीएफएक्स स्टुडिओंत नवीन मुलाला बहुतेक रोटो, पेंट (नको ते पुसणं) किंवा मॅचमूव्हला (कॅमेऱ्याची हालचाल संगणकात उतरवणं) बसवतात. रोटोला सिल्हूट, कंपोझिटिंगला न्यूक. मुंबईच्या प्राइम फोकसनं २०१४ मध्ये लंडनची डबल निगेटिव्ह आपल्यात घेतली, तेव्हापासून परदेशी चित्रपटांचं फार मोठं काम इथे होतं. काम बारकाईचं असतं, रात्री जागवणारं असतं आणि सुरुवातीचा पगार कमी असतो, हे आधीच सांगते. महागडा कोर्स लावण्यापूर्वी न्यूकची मोफत आवृत्ती घे, चालणाऱ्या माणसाचा पाच सेकंदांचा शॉट मोबाइलवर काढ आणि त्याचा पूर्ण रोटो करून बघ. तो संपेपर्यंत मन लागलं तर ये.

अवग्रह

शीर्षकांबद्दल कुणीच बोललं नाही. मराठी लघुपटात मराठी नावंच मोडकी दिसली की फार वाईट वाटतं. ‘दिग्दर्शन’मधला ‘र्श’ सुटा पडतो, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, ‘कृतज्ञता’मधला ‘ज्ञ’ फुटतो. आफ्टर इफेक्ट्स आणि प्रीमियरमध्ये पसंतींत अक्षरांच्या इंजिनाला ‘साउथ एशियन’ असा पर्याय दिसला तर तो निवडा, मग जोडाक्षरं जुळतात. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये आवृत्तीप्रमाणे फरक पडतो, म्हणून ‘दिग्दर्शन, त्र्यंबक, कृतज्ञता, सुऱ्या’ एवढं टाइप करून आधीच बघा. फ्यूजनमध्ये तर टेक्स्टप्लस या अक्षरांच्या साधनावर भरवसा ठेवण्यापूर्वी नक्की बघा.

कुठेच जमलं नाही तर इंकस्केपमध्ये शीर्षक मांडा, पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी काढा आणि टाइमलाइनवर ठेवा. श्रीलिपी वगैरे जुने टंक वापरू नका, दुसऱ्या मशीनवर त्यांची इंग्रजी अक्षरं होतात. ‘मुक्त’ (Mukta) किंवा नोटो देवनागरी हे टंक घ्या, युनिकोड आहेत आणि फुकट आहेत. मुक्तमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मिळतात का तेही तपासा, काही सॉफ्टवेअर हिंदी वळण दाखवतात.

पाटणखोरे

ठरलं. संकलन केडेनलाइव्हवर पक्कं करतो. १२ शॉट डेस्कटॉपवर फ्यूजनमध्ये. आंब्याचा शॉट दोन पावलं डावीकडे सरकून परवा पुन्हा घेऊ. तो वगळला की ११ उरतात.

शेवटचं एक. केडेनलाइव्हमधले शॉट फ्यूजनला कसे द्यायचे? एमपीफोर काढून चालेल?

काटछाट

एमपीफोर नको, दुसऱ्यांदा दाबलं की कडा आणखी बिघडतात. प्रत्येक शॉट डीएनएक्सएचआरमध्ये काढा, जागा असेल तर पीएनजीची मालिका काढा. टाइमलाइनवर जेवढा शॉट वापरलाय त्याच्या आधी दहा आणि नंतर दहा फ्रेम जास्त द्या, म्हणजे नंतर तोड थोडी सरकवली तरी तारा परत उगवणार नाहीत. हादऱ्याच्या तीन शॉटना पंधरा द्या. कच्च्या फाइलींवर रंगसंस्कार करू नका, तो सगळ्यात शेवटी.

नावं ०१०, ०२०, ०३० अशी दहाच्या टप्प्यानं, मधे नवा शॉट आला तर ०१५ करता येतो. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि मधे मोकळी जागा न सोडता ठेवा. आणि संकलनात लांबी पक्की होईपर्यंत रात्रपाळीनं सांगितलेलं काहीही सुरू करू नका. सगळ्यात आधी तिपाईवरचा, आकाशावरचा सर्वात सोपा शॉट घ्या, पूर्ण करून इथे टाका, आम्ही बघतो.

रात्रपाळी

आधीचा आणि नंतरचा, दोन्ही टाका. दाणा घातल्याशिवाय नको.